फाटकाबाहेर आलेली बाई

अंबाबाईच्या प्रसादाचा लाडू आपण सगळ्यांनीच खाल्लाय. मध्ये काही वर्षं तो लाडू कळंब्याच्या तुरुंगातले बंदी वळायचे, हे किती जणींना ठाऊक आहे? देवीला ते हात चालले. तेच हात सुटून बाहेर आले, की त्यांना कुणी पोळपाट-लाटणं देत नाही.

आमच्या बचत गटापुढे हा प्रश्न आला तो एका समाजसेविकेमुळे. शिक्षा भोगून सुटलेली एक बाई आहे, पापडाच्या कामाला घेता का, म्हणाली. बैठकीत दोन तास वाद झाला. "उद्या पेटीतले पैसे गेले तर?" एकीनं विचारलं. कोपऱ्यातल्या मावशी म्हणाल्या, "आजवर हप्ता बुडवला तो तुरुंग न बघितलेल्यांनीच की!" सगळ्या हसलो, पण निर्णय काही त्या दिवशी झाला नाही.

खरी अडचण वेगळीच निघाली. पापड उन्हाळ्याचे. पावसाळ्यात तिला काम कुठलं द्यायचं? मोकळ्या हाताला चार महिने बसवलं, तर घेऊन उपयोग काय? मग शेजारच्या गावच्या दोन गटांशी बोललो. एक कांदा-लसूण चटणी करतो, दुसरा लग्नकार्याला भाकरी-पोळी पुरवतो. तिघींनी मिळून तिला बारा महिने काम द्यायचं ठरवलं. एकट्या गटाला हे झेपलंच नसतं.

कागदावर चार गोष्टी लिहून तिन्ही अध्यक्षांच्या सह्या घेतल्या. मजुरी आपल्याइतकीच, आणि दर शनिवारी खात्यावर. पेटीची किल्ली दोघींकडे, हा नियम सगळ्यांनाच, तिच्यापुरता नाही. तिची मागची गोष्ट गिऱ्हाइकाला सांगायची नाही. काही बिनसलं तर आधी समाजसेविकेला फोन. आमची एक चूक सांगते. सुरुवातीला 'शिकाऊ' म्हणून तिला कमी पैसे लावले होते. ती आमच्यापेक्षा भरभर लाटायची! दुसऱ्या महिन्यात लाजून मजुरी सारखी केली. आधार आणि बँक खातं मात्र आधी बघा. ते जुळवण्यातच आमचे बरेच दिवस गेले.

असली कल्पना आपल्या मुलखाला नवी नाही. आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला औंध संस्थानानं 1939 साली बंद्यांची खुली वसाहत उभी केली. भिंती नाहीत, शेती करायची, कुटुंबासह राहायचं. आपल्या कोल्हापूरच्या व्ही. शांताराम यांचा 1957 चा 'दो आँखें बारह हाथ' त्याच वसाहतीवरून सुचला. अलीकडे 1 मे 2022 पासून येरवड्यात 'जिव्हाळा' योजनेत राज्य सहकारी बँक बंद्यांना 7 टक्के व्याजानं 50 हजारांपर्यंत कर्ज देऊ लागली. बँक विश्वास टाकते, तर आपण महिन्याभराचं काम तरी द्यावं, असं आम्हाला वाटलं.

आता ती बाई स्वतः गटाची सभासद व्हायचं म्हणतेय. दोघींचा अजून विरोध आहे. त्यांचं म्हणणंही आम्ही ऐकतोय, घाई नाही. पुढच्या सोमवारी बैठक आहे. तुमच्या गटात कुणी असा अनुभव घेतला असेल, तर त्याआधी केंद्रावर निरोप ठेवा.