स्वरलिपीतील कणस्वर



जुन्या संगीतग्रंथाचे पान उघडले की एखाद्या स्वराक्षराच्या डाव्या खांद्यावर बारीक टाइपात दुसरे अक्षर बसलेले दिसते. नवखा वाचक त्यास मुद्रणदोष समजून पुढे जातो, आणि नेमके तेथेच रागाचे रूप निसटते. ते अक्षर म्हणजे कणस्वर.

पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांच्या ‘क्रमिक पुस्तकमालिके’मुळे ही खूण सर्वपरिचित झाली. कणाला स्वतःची मात्रा नसते. मुख्य स्वराच्या काळातूनच तो क्षणभर उसना घेतो. मुख्य स्वराआधी लागतो तो पूर्वलग्न कण, नंतर लागतो तो अनुलग्न. भीमपलासातील कोमल गांधार मध्यमाचा आणि कोमल निषाद षड्जाचा स्पर्श घेऊन येतो. हे कण गाळून तेच स्वर सरळ म्हटले, तर स्वर चुकत नाहीत. पण भीमपलास उभा राहत नाही.

कणाची भावंडेही ओळखून घ्यावीत. स्वर कंसात असेल तर तो खटक्याने घ्यावयाचा : कंसातील ‘सा’ म्हणजे ‘रे सा नि सा’ ही चार स्वरांची झटपट फिरत. स्वरांच्या डोक्यावरील कमान मींड दर्शविते. खालची कमान मात्र एवढेच सांगते की ते स्वर एका मात्रेत बसवावयाचे आहेत. या दोन कमानींची गल्लत झाली, तर घसरत जाणारा स्वर तुटक होतो.

तथापि लिपीलाही मर्यादा आहे. दरबारी कानड्यातील आंदोलित गांधार कागदावर सूचित करता येतो. त्याच्या हेलकाव्याचा वेग आणि विस्तार गुरुमुखातूनच कळतो. म्हणून स्वरलेखनाने विद्या निर्जीव होईल, ही जुन्या गवयांची भीती अगदीच निराधार नव्हती. परंतु लेखनच झाले नसते, तर कितीतरी बंदिशी गायकांबरोबरच लोपल्या असत्या. ग्वाल्हेरसारख्या परंपरानिष्ठ नगरीतही १९१८ साली माधव संगीत विद्यालय उभे राहिले, आणि घराण्याची गायकी व लिखित पाठ एकाच छताखाली नांदू लागले.

वहीत उतरवून घेताना सर्वांत आधी गळतात ती हीच बारीक अक्षरे. एकदा गळली की पुढच्या नकलेत ती परतत नाहीत. मूळ ग्रंथ जतन करणारे ग्रंथालय म्हणूनच केवळ पुस्तके राखीत नाही, ते रागांचे स्पर्शही राखते. ते स्पर्श पुन्हा सजीव करण्याचे काम मात्र वाचकाच्या कानाचे आणि कंठाचे आहे.