चित्रकथीची मजुरी
(वसमत येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)

अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने चित्रकलेवर बोलावे, हे आपल्यापैकी अनेकांना चमत्कारिक वाटेल. रंगरेषांचे मर्म मला फारसे कळते असा माझा दावा नाही. पण उभी हयात मी वर्गात एकच प्रश्न निरनिराळ्या रूपांत विचारीत आलो: श्रम कोणी केले, आणि त्यांचे मोल कोणाच्या पदरात पडले? तोच प्रश्न आज मला देवादिकांच्या चित्रांना विचारावयाचा आहे.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ‘पैठण शैली’ या नावाने ओळखली जाणारी चित्रे आहेत. हातकागदावर ठसठशीत रेषा, तांबडे-पिवळे भडक रंग, एका अंगाने दिसणारे चेहरे आणि त्यांत वटारलेले मोठे डोळे. कुठे रामरावणांचे युद्ध, कुठे पांडवांची कथा. पाहणाऱ्याला वाटते, ही भिंतीवर टांगण्यासाठी काढली असावीत. तसे नाही. ही चित्रे सांगण्यासाठी होती. एका आख्यानाच्या चित्रांचा गठ्ठा म्हणजे एक पोथी. चित्रकथी ती पोथी घेऊन गावोगाव हिंडे, देवळाच्या ओवरीत किंवा पारावर बसे, एकेक पान उभे करी आणि कथा गाऊन सांगे. दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटविलेली असत. पान उलटले की कथा पुढे सरके. ज्यांना अक्षर वाचता येत नव्हते आणि पुराणिकासमोर मानाची जागा नव्हती, त्यांच्यापर्यंत रामायण-महाभारत पोहोचविण्याचे काम या माणसाने केले.

ही परंपरा जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख येतो. ही कल्याणी म्हणजे बिदर जिल्ह्यातील आजचे बसवकल्याण. १९५६ पर्यंत ते आणि आपले वसमत एकाच हैदराबाद राज्यात होते. महाराष्ट्रात ही कला आज ठळकपणे जिवंत आहे ती सिंधुदुर्गात, कुडाळजवळच्या पिंगुळी गावी, ठाकर समाजाच्या घरांत. वीणा, टाळ आणि हुडूक यांच्या साथीने ते चित्रकथा सांगतात. कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांचे खेळही त्यांच्याकडे आहेत. एके काळी त्यांना सावंतवाडी संस्थानचा आश्रय होता.

आता अर्थकारण पाहू. चित्रकथी चित्र विकत नसे. ते त्याचे श्रमाचे साधन होते, जसे सुताराचे तासणी वा कुंभाराचे चाक. विकले जाई ते सांगणे. पण त्याला कोणी विक्री म्हटले नाही. रात्रभर कथा झाली की सकाळी पदरात पडे ते पसाभर धान्य, एखादे जुने धोतर, चार नाणी. सुताराला, कुंभाराला गावगाड्यात निदान बलुत्याचा हक्क होता. कमी असेल, अपमानास्पद असेल, पण हक्क होता. भटक्या चित्रकथीला तो नव्हता. त्याला मिळे ती भिक्षा. देवाचे काम करतो, तो मजुरी कशी मागणार? भक्तीच्या नावाखाली श्रम फुकट घेण्याची युक्ती आपल्या समाजात फार जुनी आहे.

पुढे राजाश्रय गेला, करमणुकीची नवी साधने आली, पोट भागेना. मग पोथ्या घराबाहेर पडू लागल्या. येथे एक विलक्षण गोष्ट घडली. सांगणाऱ्याच्या हाती होते तोवर ज्या चित्राला किंमत नव्हती, ते सांगणाऱ्यापासून तुटताच मौल्यवान झाले. आपल्या भागातील हळद पिकविणारा शेतकरी भावासाठी रडतो, पण निदान माल मोंढ्यात गेल्यावर पट्टी त्याच्या नावाने फाटते. चित्रकथीच्या नशिबी तेही नाही. संग्रहालयातील पाटीवर शैलीचे नाव असते, काळ असतो. चितारणाऱ्याचे नाव सहसा नसते.

मित्रहो, ही गोष्ट केवळ भूतकाळाची नाही. २०२१ साली पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री जाहीर झाली. आपल्या गोठ्याचे कलादालन करून ज्यांनी ही कला जपली, त्यांचा तो सन्मान सर्वथा उचित होता. पण याच महाराष्ट्रात भीक मागण्यास प्रतिबंध करणारा १९५९ चा कायदाही आहे. त्याची व्याख्या एकदा वाचून पाहा. सार्वजनिक ठिकाणी भिक्षा मागणे किंवा स्वीकारणे, मग ते गाण्याच्या, नाचण्याच्या, भविष्य सांगण्याच्या वा खेळ करून दाखविण्याच्या निमित्ताने का असेना, अधिकृत परवानगी नसेल तर ती भीकच ठरते. पहिल्या वेळी एक ते तीन वर्षे स्थानबद्धता, पुन्हा सापडल्यास दहा वर्षांपर्यंत. म्हणजे तीच पोथी, तीच कथा, तोच गळा. राष्ट्रपती भवनात तो वारसा आणि बसस्थानकाबाहेर तो गुन्हा! दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ साली या कायद्यातील भीक मागणे गुन्हा ठरविणारी कलमे घटनाबाह्य ठरविली. परंतु तो निर्णय दिल्लीपुरता होता. ‘चित्रकथी’ ही जमात आपल्या राज्याच्या भटक्या जमातींच्या यादीत आहे. ज्यांच्या उपजीविकेची पद्धतच हिंडण्याची, त्यांना राज्य एका हाताने सवलतीचा दाखला देऊ करते आणि दुसऱ्या हाताने त्यांचे हिंडणे दंडनीय ठरविते.

दुसरा मार्ग होता काय? होता, आणि तो दाखविणाऱ्यांत एक मराठी चित्रकार होता. १९६६-६७ च्या सुमारास बिहारमध्ये भीषण दुष्काळ पडला. तेव्हा अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी यांना मधुबनीला पाठविले. तेथील स्त्रिया लग्नघराच्या भिंतींवर देवादिकांची चित्रे पिढ्यानपिढ्या काढीत. त्यांच्या हाती कागद देण्यात आला आणि काढलेल्या चित्राचे पैसे देण्यात आले. चित्र हे दुष्काळी काम ठरले! पुढे जगदंबा देवींना १९७५ साली आणि सीता देवींना १९८१ साली पद्मश्री मिळाली. या स्त्रियांची नावे जगाला कळली. तेथे दलाल शिरले नाहीत असे नाही, आणि प्रारंभीचा लाभ मुख्यतः ब्राह्मण-कायस्थ घरांना झाला, हेही खरे. पण दुसाध समाजातील दलित स्त्रियांनी गोंदणाच्या रेषा आणि राजा सलहेसाच्या कथा कागदावर आणून त्या बंद दारालाही धक्का दिला.

त्यानंतर थोड्याच वर्षांनी, १९७२ साली, आपल्या मराठवाड्यात दुष्काळ पडला. मी तेव्हा शाळकरी पोर होतो. आईबरोबर खडीच्या ढिगाशी बसलेला मला आठवतो. लाल मिलो आणि सुकडी खाऊन आम्ही जगलो. त्या संकटातून रोजगार हमी उभी राहिली आणि ‘मागेल त्याला काम’ हे तत्त्व महाराष्ट्राने देशाला दिले. त्याचा मला अभिमान आहे. पण हमीच्या कल्पनेत काम म्हणजे खडी, बांध आणि पाझर तलाव. ज्याच्या हातात कुंचला आणि गळ्यात आख्यान होते, त्यालाही आपण घणच दिला.

कोणी म्हणेल, देवाधर्माच्या चित्रांशी समाजवाद्यांचे काय देणेघेणे? डॉ. राममनोहर लोहियांना तसे वाटले नव्हते. राम, कृष्ण आणि शिव यांच्यावर त्यांनी लिहिले, रामायण मेळ्याची कल्पना मांडली, आणि पंढरपुरात जन्मलेल्या हुसेन यांना रामायण रंगविण्याची प्रेरणा दिली. हैदराबादेत रंगविलेली ती चित्रे बैलगाडीतून खेड्यांत नेऊन लोकांपुढे मांडली गेल्याचे हुसेन सांगत. ही चित्रकथीचीच रीत नव्हे काय? जनतेच्या पुराणांवर कोणाही एका गटाची मालकी नाही. पोथी सांगणारा गरीब टिकला, तरच ती सर्वांची राहील.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. रस्त्यावरील कलेला भीक ठरविणारी ती तरतूद रद्द व्हावी. संग्रहालयांतील चित्रांच्या प्रतिकृती विकल्या जात असतील, तर त्या उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा ही कला जगविणाऱ्या समाजांकडे जावा. शाळांतून चित्रकथेचे प्रयोग व्हावेत आणि त्यांचे दर रोजगाराप्रमाणे जाहीर असावेत.

आणि चौथी मागणी आपल्याकडेच आहे. आपल्या मेळाव्यांत शाहीर येतो, रात्र रंगवितो, आणि आपण त्याला शाल-श्रीफळ देऊन एसटीत बसवितो. मीही असे समारंभ भरविले आहेत आणि त्या शालीची मला आज लाज वाटते. पुढील मेळाव्याला पिंगुळीचे कलावंत अवश्य बोलवा. पण प्रवासखर्च आणि मजुरी आधी पत्राने कळवून बोलवा. मजुरी ठरविल्याने भक्ती उणी होत नाही.

औंढ्याला आपण सर्व जण जातो. तेथे नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे. नामदेवांना पुढून हाकलले, ते मागे जाऊन गाऊ लागले, आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. गाणाऱ्याकडे तोंड करण्याइतके शहाणपण त्या देवाने दाखविले. ते आता आपण दाखवावयाचे आहे.