पहिली दहा मिनिटं कोणाची?
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सभासदांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पंचवीस वर्षं आपण पाण्याची टाकी, गळती आणि पार्किंग यांवर भरपूर बोललो. आज मी गेटबाहेरच्या रस्त्याबद्दल बोलणार आहे. आपल्याकडची कितीतरी मुलं मोटारसायकलवरून एमआयडीसीत शिफ्टला जातात. चिल्हार-बोईसर रस्त्यावर तर टँकर, ट्रेलर आणि दुचाकी एकमेकांना घासूनच चालतात. ४ सप्टेंबर २०२२ रोजी चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेव्हा साऱ्या देशाने आपल्या हायवेची चर्चा केली. पण साधा कामगार जातो तेव्हा पेपरात दोन ओळी येतात. बँकेत असताना अशा घरातल्या बायका खात्यावर वारस म्हणून नाव लावायला माझ्या टेबलासमोर बसत. फॉर्म भरून देण्यापलीकडे माझ्या हातात काही नसे.

अपघातानंतरच्या पहिल्या तासाला कायद्यातही 'गोल्डन अवर' म्हटलं आहे. पण त्या तासातली पहिली दहा मिनिटं डॉक्टरची नसतात. ती असतात रिक्षावाल्याची, टपरीवाल्याची, मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याची. आफ्रिकेतल्या चाड देशात अँब्युलन्स फार कमी, म्हणून तिथे मोटारसायकल टॅक्सीवाल्यांनाच प्रथमोपचार शिकवले गेले. विचार सरळ आहे : जो दिवसभर रस्त्यावर असतो तोच आधी पोचतो. गोव्यात प्रवासी नेणाऱ्या मोटारसायकलवाल्याला 'पायलट' म्हणतात. आपल्या राज्यानेही २०२५ मध्ये ई-बाइक टॅक्सीचं धोरण मंजूर केलं. आपल्या स्टँडवर आज रिक्षा आहेत. ज्ञान दोघांनाही तेच लागतं.

मग लोक थांबत का नाहीत? पोलीस आणि कोर्ट यांच्या भीतीने. ही भीती उगाच नव्हती. एका जखमी स्कूटरस्वाराला एका भल्या माणसाने दवाखान्यात नेलं. तिथे 'पोलीस केस आहे, दुसरीकडे न्या' असं सांगितलं. दुसरं हॉस्पिटल २० किलोमीटरवर. तो वाटेतच गेला. त्या घटनेवरून परमानंद कटारा खटला झाला, आणि १९८९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की आधी जीव वाचवा, कागद नंतर. पुढे ३० मार्च २०१६ रोजी त्याच कोर्टाने मदत करणाऱ्याच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. आता नेकीने मदत करणाऱ्यावर खटला भरता येत नाही, नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हायचं की नाही, हेही त्याच्याच मर्जीवर. शिवाय २०२५ पासून अपघातग्रस्ताला ठरावीक रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार कॅशलेस आहेत. गंभीर जखमीला वेळेत पोचवणाऱ्याला २०२१ मध्ये ५ हजारांचं बक्षीस सुरू झालं, ते २०२५ मध्ये २५ हजार झालं. रक्कम थेट खात्यात जमा होते, हे मी बँकवाला म्हणून मुद्दाम सांगतो!

आता करायचं काय? आधी गाडी बाजूला, इंडिकेटर चालू, एकाने मागे उभं राहून वाहनं थांबवायची. नाहीतर वाचवणाराच खाली येतो. लगेच १०८ लावायचा. जागा नीट सांगायची : मुंबईच्या दिशेला की गुजरातच्या, जवळचा फाटा कोणता. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडकं घट्ट दाबून धरायचं. ते सारखं उचलून बघायचं नाही. हळद, कॉफी, माती काही लावायचं नाही. घुसलेली वस्तू उपसायची नाही. पाणी, चहा पाजायचा नाही. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालणं म्हणजे श्वासात घालणं. हेल्मेट खेचायचं नाही. बेशुद्ध आहे पण श्वास चालू आहे, तर दोघातिघांनी मान आणि पाठ एका रेषेत ठेवून कुशीवर वळवायचं. श्वासच नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबायचं. हे मात्र वाचून येत नाही, पुतळ्यावर हात बसवावा लागतो.

आणखी एक. जखमीला दोघांच्या मध्ये बसवून ट्रिपल सीट नेणं आपण सर्रास पाहतो. हेतू चांगला, पण मणक्याला मार असेल तर माणूस जन्माचा अंथरुणाला खिळू शकतो. मोटारसायकलचा उपयोग लवकर पोचायला, पेशंट वाहायला नव्हे. मुंबईत २०१७ साली १०८ ने बाइक अँब्युलन्स सुरू केली ती याच हिशेबाने : डॉक्टर बाइकवर आधी पोचणार, पेशंटला न्यायला मोठी गाडी मागून.

म्हणून माझा ठराव असा. या वर्षी शाल-श्रीफळाच्या खर्चातून थोडी बचत करावी. एखाद्या रविवारी जाणकार डॉक्टर बोलावून दोन तासांचा वर्ग घ्यावा. त्यात सभासदांबरोबर आपले वॉचमन, स्टँडवरचे रिक्षावाले, पार्सल आणणारी मुलं यांनाही मानाने बोलवावं, चहा-नाश्ता आपल्याकडून. वॉचमनच्या केबिनमध्ये एक प्रथमोपचार पेटी ठेवावी आणि दर सहा महिन्यांनी तपासावी. खर्च एका दिवसाच्या मांडवाएवढाही नाही. रात्रपाळीहून परतणाऱ्या आपल्याच मुलाशेजारी उद्या कोण थांबेल, ते आपल्याला ठाऊक नसतं. जो थांबेल त्याला काय करायचं ते माहीत असावं, एवढंच.

सूचक मी आहे. अनुमोदनासाठी हात वर करा.