कुणाला, कधी आणि किती निरोप?

मी सातारा जिल्ह्यातल्या काही बचत गटांची समन्वयक. आज आमच्या हातून झालेली एक चूक सांगणार आहे, आणि ती आम्ही कशी निस्तरली तेही. तुमच्या गटाचा एकापेक्षा जास्त माल असेल, तर हे तुमच्या कामाचं आहे.

आमच्या एका गटाचा चार प्रकारचा माल आहे. कांदा-लसूण मसाला, कुरडई-पापड, दिवाळीचा फराळ आणि गोधड्या. मुंबईत महालक्ष्मी सरसला स्टॉल लावला, तेव्हा गिऱ्हाइकांचे पत्ते वहीत लिहून घेतले. त्यात ई-मेलचे पत्तेही होते. व्हॉट्सअॅपची ब्रॉडकास्ट यादी आपण वापरतोच, पण तो निरोप ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो. स्टॉलवर एकदा भेटलेलं गिऱ्हाईक नंबर सेव्ह करतंच असं नाही. म्हणून ई-मेल. गटातल्या एका ताईंची मुलगी बी.कॉम. करते. तिने मेल आपोआप जातील अशी सोय लावून दिली. एकदा लिहून ठेवायचं, तारीख घालायची, मेल आपला आपण जातो. आम्ही खूश झालो.

दिवाळीच्या आधी आम्ही चारही मालांचे तीन-तीन मेल लिहिले आणि यादीतल्या सगळ्यांना लावून दिले. म्हणजे एका माणसाला महिन्यात बारा मेल. ज्यांनी फक्त एक गोधडी घेतली होती, त्यांनाही चकलीचे भाव. एकांनी लिहिलं, “कृपया बंद करा.” ते समजण्यासारखं होतं. पण दुसरं उत्तर मनाला लागलं. आमचा मसाला दर वेळी नेणाऱ्या एक ताई. त्यांनी लिहिलं होतं, “सासूबाई गेल्या, आमच्याकडे यंदा सण नाही.” ते उत्तर कुणी उघडूनच पाहिलं नाही. आणि त्यांना पुढे आणखी दोन मेल गेले, “दिवाळीची ऑर्डर दिलीत का?”

शेवटी त्यांनीच फोन केला. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “मला वाटलं, तुमच्याकडे माझं पत्र वाचणारं कुणीतरी असेल.” आमच्या अध्यक्षताईंना काय बोलावं सुचेना. ज्या बाईच्या दारात आपण कधी असं विचारायला गेलो नसतो, तिथे आमचं यंत्र तीनदा जाऊन आलं.

दुसऱ्या दिवशी बैठक घेतली. मोबाईल बाजूला ठेवला, वही काढली आणि प्रत्येक मालाला एक पान दिलं. प्रत्येक मालाच्या निरोपांची माळ वेगळी करायची ठरवली.

मसाल्याचं पान असं झालं. पार्सल निघालं त्या दिवशी पहिला मेल: मसाला काचेच्या बरणीत भरा, कोरडा चमचा वापरा. दहाव्या दिवशी दुसरा: तिखट जास्त वाटलं का? याला उत्तरं खूप येतात, आणि पुढच्या खेपेला कुणाला कमी तिखट द्यायचं ते कळतं. तिसरा पासष्टाव्या दिवशी, कारण आमची वही सांगते की अर्धा किलोवाले अडीच महिन्यांनी परत मागतात. बरणी तळाला गेली की निरोप पोचला पाहिजे. भरलेल्या बरणीला निरोप पाठवून काय उपयोग?

कुरडई-पापडाचं काम उन्हाळ्याचं. होळी झाली की नोंदणीचा एक मेल, पोचल्यावर जपून ठेवण्याचा एक, आणि पावसाळ्याआधी डबा घट्ट लावायची आठवण. बस.

फराळाचा मेल फक्त ज्यांनी मागच्या वर्षी घेतला किंवा स्वतःहून विचारलं त्यांनाच. पहिला घटस्थापनेला. दुसरा नोंदणी बंद व्हायच्या चार दिवस आधी, तोही ज्यांची ऑर्डर आली नाही त्यांनाच. ऑर्डर दिलेल्या माणसाला पुन्हा “ऑर्डर द्या” म्हटलं, की आपण वही बघत नाही हे त्याला लगेच कळतं.

गोधडी वर्षानुवर्षं टिकते. तिचे दोनच मेल. पहिला धुवायचं कसं याचा. दुसरा महिन्याभराने: कुणाकडे बाळ होणार असेल तर दुपटं शिवून देतो. त्यानंतर गप्प बसायचं.

आता प्रश्न आला दोन-तीन माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाचा. त्याला सगळ्या माळा एकदम लागल्या, तर पुन्हा तेच बारा मेल. म्हणून ठरवलं, एका नावाला आठवड्यात एकच मेल. आधी पार्सल आणि पैशाचा, मग हंगामाचा, बाकीचे थांबतील. यादी मालाप्रमाणे वेगळी असली, तरी नाव एकदाच लिहायचं आणि पुढे खुणा करायच्या: म, कु, फ, गो.

सगळ्यात महत्त्वाचा नियम: उत्तर आलं की माळ थांबली. रोज सकाळी एक बाई आलेले मेल उघडून वाचते. पाळी लावली आहे, जशी बँकेत जायची लावतो तशी. कुणाचं उत्तर असेल तर त्यांचं नाव आपोआपच्या यादीतून काढायचं आणि स्वतः लिहायचं किंवा फोन करायचा. मेल पाठवायचं काम यंत्राला देता येतं, ऐकायचं काम आपल्यालाच करावं लागतं.

माल संपला की त्याची माळही थांबवायची. मसाला शिल्लक नाही आणि “बरणी संपली का?” असा मेल गेला, की गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं.

परवानगीचंही सांगते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा 2023 साली झाला, आणि माणसाची संमती हा त्याचा पाया आहे. आता स्टॉलवर वहीत एक रकाना आहे: कोणत्या मालाचे निरोप हवेत? गिऱ्हाईक स्वतः खूण करतं. प्रत्येक मेलच्या शेवटी लिहितो, “निरोप नको असतील तर ‘नको’ एवढंच लिहून पाठवा.” आणि ‘नको’ आलं की त्याच दिवशी नाव काढतो.

ज्यांच्याकडे आपोआपची सोय नाही, त्यांनी घाबरू नये. जीमेलमध्ये मेल आज लिहून पुढची तारीख-वेळ लावून ठेवता येते. फक्त अनेकांना एकदम पाठवताना पत्ते ‘बीसीसी’च्या रकान्यात घाला. नाहीतर प्रत्येकाला सगळ्यांचे पत्ते दिसतात. आपल्या भरवशावर दिलेला पत्ता आपण असा वाटून टाकायचा नाही.

या वर्षी आमचे मेल निम्म्याहून कमी झाले. ‘बंद करा’ असं अजून एकही उत्तर आलेलं नाही. त्या ताईंना आम्ही यंदा यंत्राचा मेल पाठवलाच नाही. अध्यक्षताईंनी फोन केला, खुशाली विचारली, मालाचं काहीच बोलल्या नाहीत. फोन ठेवताना त्या ताईच म्हणाल्या, “अर्धा किलो मसाला पाठवा.”

पुढच्या बैठकीत तुम्हीही वही घेऊन बसा. प्रत्येक मालाला एक पान द्या आणि चार गोष्टी लिहा: हा माल कोण घेतं, किती दिवस पुरतो, केव्हा आठवण करायची आणि केव्हा थांबायचं. चौथी गोष्ट लिहिल्याशिवाय पहिला मेल पाठवू नका.