रक्तदाब : न दुखणारे दुखणे



मी डॉक्टर नाही. तरीही आजचा विषय मी मागून घेतला, त्याला कारण माझ्या थोरल्या जाऊबाई.

पंचवटीतल्या आमच्या घराचा सारा भार त्यांच्यावर. घाटाच्या पायऱ्या त्या न थांबता चढत. एकदा मामंजींना दवाखान्यात नेले असता डॉक्टरांनी सहज जाऊबाईंचाही रक्तदाब पाहिला. तो १८०/११० निघाला! डोके दुखत नव्हते, चक्कर येत नव्हती. गोळी सुरू झाली आणि तीन महिन्यांत आकडा १३०/८० वर आला. तेव्हा त्या म्हणाल्या, "आता मी बरी झाले, रोज गोळी कशाला?" मीही मान डोलावली. त्याचा सल मला अजून आहे. पुढच्या संक्रांतीला तिळगुळाची कढई उतरवताना त्यांचा उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. आज त्या काठी घेऊन चालतात. बोलणे मात्र अजून अडखळते.

हे असे का होते? हृदय आकुंचन पावून रक्त पुढे ढकलते, त्या वेळचा दाब म्हणजे वरचा आकडा. ते सैल पडते तेव्हाचा दाब म्हणजे खालचा. वेगवेगळ्या दिवशी नीट मोजूनही तो १४०/९० किंवा त्याहून अधिक येत राहिला, तर तो वाढलेला समजतात. सततच्या दाबाने रक्तवाहिन्या कठीण होतात, हृदयावर ताण पडतो आणि मेंदू, मूत्रपिंडे व डोळे यांना इजा पोहोचते. हे सारे मुकाट्याने चालते. म्हणून "मला काही होत नाही" हा पुरावा नव्हे.

अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९४५ साली मेंदूतील रक्तस्रावाने वारले. शेवटच्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३००/१९० होता. डॉक्टर उशाशी होते. पण गुणकारी औषध तेव्हा नव्हते. पुढे १९४९ साली मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावर होणारा उपयोग एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष आपल्या या वनस्पतीकडे वळले. आता तिच्याहून सुरक्षित औषधे निघाली आहेत, तेव्हा ती मुळी कोणी घरी उगाळू नये. पण विचार करा, अध्यक्षांना जे मिळाले नाही ते आपल्या डब्यात आहे, आणि आपण ते आपल्याच हाताने बंद करतो! आकडा खाली आला तो गोळीमुळे. ती कमी करायची की बदलायची, हे डॉक्टरांना ठरवू द्यावे.

आता आपल्या स्वयंपाकघराकडे वळू. दिवसाला माणशी ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे लहान सपाट चमच्यापेक्षा, कमी मीठ असावे असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात पापड, लोणचे, चिवडा, फरसाण यांतले मीठही आले. सैंधव म्हणजेही मीठच. उन्हाळ्यात वाळवणे जरूर घाला. फक्त रोज पानात पापड नको. रोज अर्धा तास चालावे, तंबाखू व मिस्री सोडावी.

रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा घेऊ नये. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून स्वस्थ बसावे. हात हृदयाच्या पातळीवर असावा आणि मोजताना बोलू नये. हे शेवटचे आपल्याला जरा जड जाईल!

लेकीसुनांसाठी एक सूचना. गरोदरपणी प्रत्येक तपासणीत रक्तदाब पाहून घ्या. जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चेहऱ्यावर अचानक सूज आली तर सकाळपर्यंत थांबू नका. तत्काळ दवाखाना गाठा.

भगिनींनो, यजमानांची गोळी, सासूबाईंची तपासणी आपण विसरत नाही. विसरतो ती स्वतःची. सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाब विनामूल्य पाहतात. पुढच्या हळदीकुंकवाला येताना प्रत्येकीने आपला आकडा कागदावर लिहून आणावा. जाऊबाईही येणार आहेत. तो कागद त्यांच्या हाती द्या. त्यांना फार आनंद होईल.