दारात आलेला गॅसवाला कोण?

भूम-परंड्याकडून ऐकत असाल, कळंब-वाशीकडून ऐकत असाल, नाहीतर खाली उमरगा-लोहाऱ्याकडून, हातातलं काम चालू ठेवूनच ऐका. स्वयंपाकघरात असाल तर फक्त एक नजर शेगडीमागच्या नळीवर टाका. आज त्या नळीबद्दल बोलायचं आहे, आणि ती बदलायला येणाऱ्या माणसाबद्दल.

गेल्या वर्षी सोयाबीनची काढणी चालू होती. सगळं गाव रानात, घरोघरी म्हातारी माणसं. आमच्याकडे सासूबाई एकट्या होत्या. दुपारी दोन तरणी पोरं आली. गळ्यात पट्टा, पट्ट्याला कार्ड, हातात पावतीपुस्तक. "आजी, गॅस कंपनीकडून आलोय. पाच वर्षांची तपासणी सक्तीची आहे. केली नाही तर सिलेंडर बंद होईल." सिलेंडर बंद म्हटल्यावर सासूबाई घाबरल्या. पोरांनी जुनी नळी काढली, नवी लावली आणि साडेपाचशे रुपये घेतले. मूग विकून ठेवलेले पैसे होते ते. गल्लीतल्या अकरा घरांत असंच झालं, त्यातली सात घरं आमच्या गटाची.

संध्याकाळी मी घरात पाय ठेवला तर वास. रेग्युलेटर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एजन्सीत फोन लावला तर उत्तर आलं, "आम्ही कुणालाच पाठवलं नाही." मग त्यांचा मेकॅनिक आला. त्याने रेग्युलेटर चालू करून जोडावर साबणाचं पाणी लावलं आणि बुडबुडे आले. नळीवर ना आयएसआयचा शिक्का, ना साल.

मला राग आला तो पैशांचा नव्हे. त्या पोरांच्या बोलण्यात अर्धं खरं होतं, म्हणून ते खपलं. पाच वर्षांतून एकदा तपासणी करायची असते, हे खरंच आहे. पण ती तुमच्या एजन्सीचा मेकॅनिक करतो. त्याला एजन्सीने नेमलेलं असतं, कामाचं प्रशिक्षण दिलेलं असतं, त्याच्या कामाची जबाबदारी एजन्सीवर असते. तपासणीची छापील पावती मिळते आणि तिच्यावर तुमचा ग्राहक क्रमांक असतो. त्या पोरांच्या पावतीवर तो नव्हता. कुठून असणार? शिवाय २०२४ मध्ये तेल कंपन्यांनी मोहीम काढली होती, त्यात सिलेंडर आणणारा माणूसच घरात पाहणी करून द्यायचा, तीही फुकट. आमच्यातल्या कितीजणींनी ती करून घेतली? मीसुद्धा नाही.

माझ्या वाचनात आलं, इंग्लंडमध्ये थंडीमुळे घरं तापवावी लागतात, त्यासाठी घरोघरी बॉयलर असतो. गॅसच्या बॉयलरला हात लावणाऱ्याचं नाव तिथल्या 'गॅस सेफ' नावाच्या नोंदवहीत असावंच लागतं. त्याच्याकडे फोटोचं कार्ड असतं आणि कार्डाच्या मागच्या बाजूला लिहिलेलं असतं, की या माणसाला कोणकोणतं काम येतं. तेलावर चालणाऱ्या बॉयलरच्या कारागिरांची नोंद 'ऑफ्टेक' नावाची संस्था ठेवते. तिथली बाई दार उघडते ती कार्ड उलटं करून बघतच.

आपल्याकडे घरातली वायरिंग करायची तर सरकारी परवाना लागतो, हे आपल्याला ठाऊक आहे. शेगडीचं तसं नाही. बाजाराच्या दिवशी पोतं अंथरून बसणाऱ्या दुरुस्तीवाल्याला कुणी कागद विचारत नाही. त्याला मी नावं ठेवत नाही. त्यातले बरेच जण पूर्वी रॉकेलचे स्टो दुरुस्त करायचे, त्यांचा हात चांगला आहे. पण स्टोची सवय गॅसला चालत नाही. स्टो अडला की पिन मारायची, हे आपण आयांकडून शिकलो. गॅसच्या शेगडीचं जेट म्हणजे मापाने पाडलेलं बारीक भोक. त्यात तार घातली की ते मोठं होतं, गॅस जास्त सुटतो, ज्योत पिवळी पडते, पातेली काळी होतात आणि सिलेंडर लवकर संपतो. मग आपण म्हणतो, भरतानाच कमी भरलंय!

भरण्याचं निघालंच आहे तर सांगते. घरगुती सिलेंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. रिकाम्या टाकीचं वजन टाकीवरच लिहिलेलं असतं, दोन्हीची बेरीज करा आणि आणणाऱ्याला काटा लावायला सांगा. तो तुमचा हक्क आहे. त्याच्यासमोरच गळती बघून घ्या. टाकीवर वरच्या पट्टीला ए, बी, सी, डी यातलं एक अक्षर आणि साल असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, असं पुढे. ती टाकी पुन्हा तपासायची मुदत असते. मुदत उलटलेली टाकी घेऊ नका.

नळी नारिंगी 'सुरक्षा' नळीच घ्या. तिच्या आत तारांची जाळी असते. तीही पाच वर्षांनी बदलायची, वरून कितीही चांगली दिसो. रेग्युलेटर बाजारातून आणायचा नाही, बिघडला तर तो एजन्सीच बदलून देते. शेगडी मात्र एजन्सीकडूनच घ्या, अशी सक्ती कुणी करू शकत नाही. आयएसआय शिक्का असला की कुठल्याही दुकानातली चालते. आणि ती सिलेंडरपेक्षा उंचावर ठेवायची. आपल्या किती घरांत शेगडी अजून खालीच, पाट्यावरवंट्याशेजारी आहे! गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साचतो.

वास आला तर लाइटचं बटण चालूही करू नका, बंदही करू नका. काडी ओढू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं उघडा, बाहेर या आणि मग १९०६ ला फोन करा. तो नंबर रात्रंदिवस चालतो. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांनो, घराला कुलूप लावण्याआधी रेग्युलेटर काढून टाकीला टोपी बसवा.

एक गोष्ट बऱ्याच जणींना माहीत नसते. गॅसमुळे अपघात झाला तर तेल कंपन्यांनी काढलेला विमा असतो, त्यासाठी आपल्याला वेगळा हप्ता नाही. पण अपघात झाल्याबरोबर एजन्सीला लेखी कळवावं लागतं. तेव्हा कागद शोधत बसण्यापेक्षा पावत्या गटाच्या पासबुकाबरोबर ठेवलेल्या बऱ्या.

आमच्या गटाच्या बैठकीत एका काकूंनी विचारलं, "ताई, हे मेकॅनिकचं काम बायांनी का करू नये? भर दुपारी घरात बाई आलेली सासूला चालते, परका गडी चालत नाही." बरोबर आहे त्यांचं. या कामाचं प्रशिक्षण असतं. हायड्रोकार्बन क्षेत्राच्या कौशल्य परिषदेच्या अभ्यासक्रमांत गॅस मेकॅनिकचाही आहे. पाना-पक्कड आपल्या पोरींना नवी नाही, शेतातली मोटर त्याच उघडतात. ग्रामसंघाने एजन्सीशी बोलून दोन मुलींची नावं द्यावीत, असा ठराव आम्ही घेतलाय. एजन्सीवाला आधी हसला. मग म्हणाला, बघू. आम्ही पुन्हा जाणार आहोत.

बाकी सासूबाईंचं सांगायचं राहिलं. मागच्या महिन्यात एजन्सीचा खरा मेकॅनिक आला. त्यांनी त्याला ओट्यावरच थांबवलं, कार्ड मागितलं, नातवाकडून वाचून घेतलं आणि एजन्सीला फोन लावायला लावला. तो बिचारा ऊन खात उभा. फोनवरून होकार आल्यावर मगच त्याला आत घेतलं. चहा मात्र दोनदा दिला.