वुजू, नळाचं पाणी आणि डोळ्यातली लेन्स

गोंदियात मेडिकलमधून थेंबांची बाटली आणली की डोळ्यांचा कोरडेपणा जाईल, असं आपण धरून चालतो. पण औषधाच्या रिअ‍ॅक्शनने स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम झालेल्याला ते पुरेलच असं नाही. पापणी मिटली तरी बुबुळ घासतं. अशांसाठी स्क्लेरल लेन्स असते. ती डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते, आत सलाईन राहतं, बुबुळ दिवसभर ओलं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेत ती बसवतात. महाग आहे; गरजूसाठी जकातीतून का नको?

वुजूला अडचण नाही, डोळ्याच्या आत पाणी घालणं फर्ज नाहीच. फक्त डोळे मिटून चेहरा धुवा. आणि लेन्स नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नका. त्यातला अमीबा बुबुळ पोखरू शकतो.